रुमालाखालचा भाव

बाहुबली मगदूमनी काचेवर तीन डबे मांडले.
हा नळीचा. नाकासमोरचं तेवढं ऐकतो,
बाजूचं कानावर घेत नाही, आमच्या जावयासारखा.
हा कॉलरचा. शर्टाला लावा आणि विसरा.
पण माणूस विसरत नाही हो, हात सारखा गळ्याशी जातो.
आणि हा रेकॉर्डर, दोन शिंगांचा.
याला निवड नाही. असेल ते सगळं चरतो.

आजवर बुधगाव ते कवठेपिरान लग्नं काढली मी,
तिथं बँडपुढं आवाज घेतो कोण? गाणं वरून टाकायचं.
आता तेरा मिनिटांची फिल्म करायची होती
हळदीच्या सौद्याची.
मगदूम हसले. सौद्याची? तिथं कोण बोलतंय?
न्या तिन्ही दोन दिवस. आधार कार्ड ठेवा.

मार्केट यार्डात आता पुकारा असतो, आकडे पडद्यावर येतात.
पण आदगोंडा चौगुल्यांच्या अडतीत, मागच्या बाजूला,
तीन-चार जुनी माणसं अजून हातावर रुमाल टाकतात
आणि खाली बोटं बोलतात.

नळीला केसाळ टोपी घालून मी उभा.
काठीला मांजर का बांधलंय, दस्तगीर हमालानं विचारलं.
तासाभरात मांजर पिवळं झालं.
हळद लागली, आता लगीन लावा मायकाचं,
तोलार ओरडला, ते मात्र स्वच्छ आलं.
पोत्यात आकडा घुसतो ते आलं. चिमण्या आल्या.
काटा खाली बसल्याचा ठक्क आला.
भाव आला नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलरचा मायक
भूपालअण्णांच्या सदऱ्याच्या आत, दुसऱ्या गुंडीपाशी.
रुमाल पोटाशी धरलेला.
कानात आधी कापडावर कापड,
पुराचं पाणी पहिल्यांदा शटरला लागतं तसं.
मग अंगठीचा टिचका.
मग कातडीवर कातडी, खरखरीत, सावकाश,
एक बोट, दोन,
आणि तिसऱ्याला अण्णांचा श्वास थांबला.
पुढच्या गिऱ्हाइकालाही तिसऱ्यालाच.

हेडफोन त्यांनी मागून घेतला. ऐकलं स्वतःला.
काढून पोत्यावर ठेवला, अंडं ठेवावं तसा.
यात माझा दम कळतोय की.
समोरच्यानं ऐकला तर मी संपलो.
एवढं पुसा.
मी पुसलं, त्यांच्या डोळ्यांदेखत. दोनदा विचारतं ते मशीन,
खरंच का, खरंच का.

मग त्यांनी आपणहून एक हळकुंड उचललं,
कानाशी नेऊन मोडलं. कट्ट.
वाळलेलं असलं की पितळेगत बोलतं.
ओलं नुसतं वाकतंय, तोंड उघडत नाही.
चार माझ्या खिशात टाकली.

संध्याकाळी दुकानात पंखा बंद करायला लावून
तिन्हींसमोर एकेक मोडलं.
नळीत बिस्किट मोडलं.
कॉलरवाल्यात काडेपेटीतली काडी.
शिंगवाल्यात अण्णा कानाशी हात नेऊन उभे राहिले.
मगदूमनी माझ्या कानावरचा हेडफोन ओढून आपल्या कानाला लावला.
पुन्हा, म्हणाले.
चौथंही मोडलं.

त्याची किंमत साडेअठरा. माझ्याकडे पंधरा,
त्यात दिग्रजच्या एका लग्नाचा ॲडव्हान्स,
जे लग्न अजून नक्की नव्हतं.
मी रुमाल काढला, दोन दिवसांत पिवळा झालेला,
आणि त्यांच्या हातावर टाकला.
हसतील वाटलं. हसले नाहीत.
बोटं पुढं केली.

मशीन चालूच राहिलं होतं. रात्री घरी ऐकलं.
एक रिक्षा. चार्जर आहे का, असं कुणीतरी.
काचेवरून पडलेलं हळकुंडाचं सालपट.
मग सतरा सेकंद काही नाही.
आवाज वाढवला.
तिसऱ्या बोटाशी अडलेला
माझा दम.